सोळाव्या मात्रेवरचे काका

सिंगापूरला कोणाचे आईवडील आले, सासूसासरे आले, एखादी मावशी आली, की त्यांच्या बॅगा उघडायच्या आत काकांना बातमी लागलेली असे. कशी, ते मला तीन वर्षांत कळलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन जाई. "मर्लायनचा पुतळा बघून झाला का? नाही ना? मग करूच नका. रविवारी मोकळे राहा, आपण जावाला जाऊ." पलीकडचा माणूस गडबडून व्हिसाचं विचारायला लागला की काकांना कोण आनंद होई! "पासपोर्ट कपाटात ठेवा. सकाळी नऊला क्लेमेंटीच्या एमआरटी स्टेशनच्या गेटपाशी. आणि पोट रिकामं ठेवून या. नाश्ता करून आलात तर परत पाठवीन."

मी त्यांची भाडेकरू. युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक मिळाली आणि जवळ म्हणून क्लेमेंटीतल्या त्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली एक खोली बघायला गेले. घरमालक काय विचारतील याची मी तयारी केली होती: स्वयंपाक करणार का, मित्रमैत्रिणी येणार का, वॉशिंग मशीन किती वेळा लावणार. दार उघडून काकांनी एकच प्रश्न विचारला.

"टेंपे खातेस?"

मी म्हटलं, म्हणजे काय? ते जे स्वयंपाकघराकडे पळाले ते बशीत तळलेल्या खरपूस चकत्या घेऊनच आले. "सोयाबीन आंबवून करतात. मूळ जावाचं. बुरशी असते, पण घाबरू नकोस. इडली आंबवलेली चालते ना तुला?"

"अहो, तिला आधी खोली तरी बघू द्या," आतून काकू म्हणाल्या.

मी टेंपे खाल्लं, खोली न बघताच हो म्हटलं, आणि नंतर कळलं की खोलीच्या एका भिंतीला काकांच्या जावाच्या सामानाची चार खोकी लावून ठेवलेली आहेत आणि ती हलणार नाहीत.

काका तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. बुटके, गोल, डोक्यावर केसांचा पत्ता नाही. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत मोठ्या पदावर होते. त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती, आणि ती सगळी त्यांना टरकून असत असं मी ऐकलं होतं. घरी यावर विश्वास बसणं कठीण होतं. ऑफिसला जातानाही अंगात बाटिकचा शर्ट. सात होते, वारांप्रमाणे लावलेले, आणि सोमवारचा तपकिरी शर्ट चुकून मंगळवारी आला तर दिवसभर चिडचिड. क्लेमेंटीपासून चांगीपर्यंतचा एमआरटीचा लांबलचक प्रवास ते उभ्याने करत, कारण बसलं की दांड्यावर बोटांनी ठेका धरता येत नाही. शेजारचे लोक सरकून उभे राहत. काकांना वाटे, सिंगापूरची माणसं फार अदबशीर आहेत.

हे जावाचं खूळ लागलं कसं, ते काकूंनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी दोघं चार दिवसांच्या सहलीला जावातल्या योग्यकर्ताला गेली होती. मुख्य बेत बोरोबुदुरचा स्तूप बघायचा. त्या आधी जाता जाता राजवाडा बघायचा होता. तिथल्या अंगणात सकाळचा गामेलान, म्हणजे जावाचा वाद्यमेळ, चालू होता. वीसेक माणसं जमिनीवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात काशाच्या पट्ट्या, काशाची भांडी, आणि मागे माणसाच्या छातीएवढी रुंद, टांगलेली घंटा. तिला गॉंग म्हणतात. तो वाजला आणि काका मटकन खाली बसले. बसवाला हॉर्न मारून मारून दमला. "बोरोबुदुर बघायला गेलेला माणूस बोरोबुदुर न बघता परत आला," काकू म्हणत, "आणि वर मला म्हणतो, सगळं बघून झालं."

माझी आई महिन्याभरासाठी आली तेव्हा अर्थातच तिची वरात निघाली. आई शाकाहारी, शंकेखोर, आणि बाहेरच्या खाण्याच्या बाबतीत पोलीस. काकांचं जावा सिंगापुरातच होतं; त्यांनी तिला थेट मलाय वस्तीतल्या गेलांग सराईच्या मार्केटात नेलं. खाली मासळी, वर खाण्याचे स्टॉल, आणि काका तिथे घरच्यासारखे. एका स्टॉलवरच्या बाईंना ते माकचिक म्हणत, म्हणजे मावशी. वास्तविक त्या काकांहून दहा वर्षांनी लहान असाव्यात.

"माकचिक, दिस वन माय गेस्ट. नो मीट, नो फिश, नो बलाचान, हां."

बलाचान म्हणजे सुकवलेली कोळंबी कुटून केलेला मसाला. तो तिथे आपल्या हिंगाइतका सगळीकडे पडतो.

"नो बलाचान नो टेस्ट, लाह!" माकचिक म्हणाल्या.

"टेस्ट शी विल ब्रिंग फ्रॉम पुणे," काका म्हणाले.

भात, टेंपे, तळलेलं टोफू, बटाट्याची टिक्की, नारळाचा तिखट भुरका, सगळं एका भल्यामोठ्या ताटात आलं. जावाची ही जेवणाची रीत, एका ताटाभोवती चौघांनी बसायचं आणि आपापल्या बाजूने खात मध्याकडे यायचं. आईने माझ्याकडे पाहिलं. उष्ट्याखरकट्याचे तिचे सगळे नियम तिच्या चेहऱ्यावर ओळीने दिसत होते. काका तोवर भाताला बांध घालायला लागले होते. "ताई, हा तुमचा प्लॉट. बांध ओलांडून कोणी येणार नाही. माझी गॅरंटी." आई हसली, आणि हसली की ती जेवते.

मग हिरव्या गोळ्या आल्या, वरून खोबऱ्यात घोळलेल्या. "हे म्हणजे ताई, उकडीचा मोदक उलटा केलाय. खोबरं बाहेर, गूळ आत. पण एक करा, अख्खी तोंडात टाका आणि तोंड मिटा—" काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईने निम्मी गोळी चावली. आतला पातळ गूळ सूं करून निघाला तो काकांच्या रविवारच्या शर्टावर. आई मेल्याहून मेली. काका शर्टाकडे बघत आनंदाने ओरडले, "बरोबर! ताजी आहे! शिळी असती तर उडाली नसती!"

त्याच दिवशी परतताना बस एका वसाहतीजवळून चालली होती. काकांचे कान टवकारले. कुठेतरी ढोल आणि पितळेची टणटण. काकांनी घंटी दाबली, आम्हाला खाली उतरवलं आणि आवाजाच्या दिशेने चालायलाच लागले. एका इमारतीखालच्या मोकळ्या जागेत लग्न होतं, मंडप, गाद्यागिरद्या, आणि समोर बांबूच्या चपट्या घोड्यांवर बसल्याचं दाखवत नाचणारी माणसं. ते कुडा केपांग, जावाहून आलेल्या लोकांचं नृत्य. आम्ही कडेला उभे. आई कुजबुजली, "बोलावणं नसताना असं जायचं?" तेवढ्यात यजमान आलेच. काकांनी मलाय भाषेत काय सांगितलं कुणास ठाऊक, पाचव्या मिनिटाला आम्ही खुर्च्यांवर होतो आणि आईच्या हातात गुलाबी सरबताचा ग्लास होता. घोडे जवळून दौडत गेले तसे काका खुर्चीवरून अर्धे उठले. "बघा ताई, बघा! पाय बघा त्यांचे!" आईने पाय बघितले, आणि मग मला म्हणाली, "अगं, खरंच गं." तिचा आवाज चढलेला मी फार वर्षांनी ऐकला.

पण काकांचा खरा जीव अडकला होता तो आमच्याच भागातल्या एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. तिथे दर शनिवारी दुपारी गामेलानचा सराव चाले. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, त्यांचे आजोबा जावाहून आलेले, बाईंचा जन्म इथलाच. त्यांना सगळे चिकगू म्हणत, म्हणजे गुरुजी म्हणा किंवा बाई म्हणा. डोक्याला रुमाल, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. त्या ढोलावर बसत आणि वीस जणांना नुसत्या ढोलाने हाकत. हॉलचे दोन नियम: चपला बाहेर, आणि वाद्य ओलांडून जायचं नाही, कितीही लांब पडलं तरी वळसा घालायचा. पहिल्या दिवशी काकांचा पाय एका वाद्याला लागला. त्यांनी आपल्या सवयीने वाकून वाद्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. चिकगूंनी ते पाहिलं. "दिस अंकल कॅन स्टे," त्या म्हणाल्या. बाकी काही येवो न येवो, काका राहिले ते असे.

काकांच्या हातात लय होती, हे मात्र कोणीही मान्य करील. लहानपणी पुण्यात ते सात वर्षं तबला शिकले. दहावीचं वर्ष आलं आणि वडिलांनी तबला-डग्गा माळ्यावर टाकला. पुढे कॉलेजात, कंपनीत, मंडळात, जिथे जिथे गाणंबजावणं होई तिथे काका सतरंज्या घालायला आणि माइक लावायला पुढे. स्टेजवर बसायला कधी मिळालं नाही. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नसतं. काकूंनी एकदा चपात्या लाटता लाटता सांगितलं आणि म्हणाल्या, "तुला माहीत आहे असं दाखवू नकोस."

गामेलानमध्ये त्यांना आधी एक छोटं वाद्य दिलं होतं. ते त्यात मधूनच तिहाई घालत. चिकगू ढोल थांबवून म्हणत, "अंकल, नोबडी आस्क यू." मग आई आली त्या वर्षी गॉंग वाजवणाऱ्या आजोबांचे गुडघे गेले आणि ती जागा मोकळी झाली. सप्टेंबरात क्लबमध्ये पाहुण्यांसाठी जावाचा कार्यक्रम असे, नाच, वादन, खाण्याचे स्टॉल. आणि त्या वर्षअखेरीला काका निवृत्त होऊन कायमचे पुण्याला जाणार होते. फ्लॅटचं ठरलं होतं, तिकिटं काढायची बाकी होती. म्हणजे हा एकच कार्यक्रम. काका चिकगूंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, मला गॉंग द्या. चाळीस माणसांना टरकावणाऱ्या या माणसाचा आवाज तेव्हा कापत होता, असं त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

गॉंगचं काम दिसायला सोपं. सोळा मात्रांत एकदाच मारायचा. पण सोळाव्या मात्रेवर. आणि इथेच आमच्या काकांचं घोडं अडलं. तबला शिकलेल्या माणसाच्या हाडात भिनलेलं असतं की सगळ्यात वजनदार ठोका पहिल्या मात्रेचा, ती सम, तिथून सगळं सुरू होतं. तिकडे उलट. त्यांचा मोठा ठोका शेवटचा, सगळं त्याच्यावर येऊन टेकतं. काका मोजत, पंधरा, सोळा, आणि 'एक'वर दाणकन गॉंग. दर वेळी एक मात्रा उशीर.

"अंकल, यू लेट."

"आय ॲम ऑन टाइम. यू ऑल आर अर्ली."

वीसच्या वीस माणसं हसली. चिकगू हसल्या नाहीत. "अगेन," त्या म्हणाल्या. पुन्हा उशीर. अगेन. पुन्हा. काका घरी येऊन जेवणाच्या टेबलावर सोळा वाट्या मांडत आणि शेवटच्या वाटीला लाल रबर बांधत. एमआरटीत सोळावर दांड्याला टिचकी मारत. डोक्याने सगळं पटत होतं. पण वादन रंगात आलं की सात वर्षांचा तबला मनगटातून वर येई आणि हात 'एक'साठी थांबे.

कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी आई आणि मी सरावाला बसलो होतो. त्या दिवशी काका पाच वेळा चुकले. चिकगूंनी ढोल बाजूला ठेवला. "अंकल, यू गुड मॅन. बट दिस वन गॉंग, एव्हरीबडी वेट फॉर हिम. कॅनॉट लाइक दॅट." पुढच्या शनिवारी सकाळी शेवटचा सराव. तेव्हा चुकलं तर गॉंगवर दुसरं कोणी बसेल, आणि काकांनी पाहुण्यांना जेवण वाढायचं. काका "ओके, चिकगू" म्हणाले. मग सगळ्या वाद्यांना वळसा घालत घालत भिंतीशी जाऊन बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी आलो. काकूंनी पानं वाढली. आई वाढायला मदत करत होती. भात, वरण, भाजी, कोशिंबीर झाली. काका ताटाकडे बघत बसलेले, हात मांडीवर.

"सुरू करा ना," आई म्हणाली.

"तूप यायचंय ना, ताई."

आई तुपाची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती म्हणाली, "अहो, मग तुमचं तिथे अडतं कुठे? पंगतीत सगळं वाढून झालं की शेवटी तूप येतं. तूप पडेपर्यंत कोणी घास उचलत नाही. आता हे तूप वाढण्यातलं शेवटचं, का जेवणातलं पहिलं?"

काकांनी मान वर केली.

"तुम्ही जेवणाऱ्यासारखे मोजत बसलात," आई म्हणाली. "ती माणसं वाढतायत. सगळं वाढून होत आलं की तुम्ही तूप घाला. त्यात मोजायचं काय?" आणि तिने त्यांच्या भातावर तूप वाढलं.

काकांनी ताटाला हात लावला नाही. खुर्ची मागे सारून उठले आणि बाराव्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालत ओरडायला लागले, "वाढायचं! अगं, वाढायचं! मी जेवायला बसलो होतो!" काकू म्हणाल्या, वरण निवतंय. कोण ऐकतो? तो आठवडा त्या घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. काकू भांडी घासत असल्या की काका मागे उभे राहून शेवटचं भांडं पालथं पडण्याची वाट बघत आणि त्या क्षणी "धंम्म" करत. मी लॅपटॉप मिटला, धंम्म. लिफ्टचं दार लागलं, धंम्म. बँकेतल्या मीटिंगमध्येही केलं असणार, पण त्याला पुरावा नाही.

शनिवारी सकाळच्या सरावाला काकांनी मला येऊ दिलं नाही. दुपारी हॉलवर गेलो तेव्हा मी आधी गॉंगकडे पाहिलं. काका तिथे होते. नवा कोरा काळा बाटिक, डोक्याला जावाची घट्ट टोपी, मांडीवर टोकाला मऊ कापड गुंडाळलेला दांडा, आणि चेहरा असा की कोणी 'भ्यो' केलं असतं तर रडले असते. हॉल गच्च भरला होता. जपानी पाहुणे, ऑस्ट्रेलियन पाहुणे, आणि काकांनी आजवर जावाला नेलेल्यांपैकी जे जे सिंगापुरात होते ते सगळे, मुलाबाळांसह. काकू पहिल्या रांगेत, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून.

चिकगूंनी ढोलावर थाप मारली. काशाचे आवाज एकमेकांत मिसळत चालले, अंगणात पाणी सोडल्यासारखे पसरत. पहिला गॉंग जवळ आला. आईने माझं मनगट पकडलं. काका मोजत नव्हते, ओठ हलत नव्हते. ते वीस माणसांकडे बघत होते, कोणाचं काय वाढून झालंय ते. आणि गॉंग पडला, अगदी तिथेच. मी खुर्चीत उडी मारली. दुसरा. तिसरा. मग मी मोजणं सोडून दिलं. त्या माणसाला असं मी कधी पाहिलं नव्हतं, सगळं अंग शांत आणि डोळे लहान मुलासारखे चमकणारे.

शेवटच्या आवर्तनात चिकगू लय खाली आणायला लागल्या. हळू, आणखी हळू, दोन सुरांच्या मध्ये श्वास घेता यावा इतकी हळू. पट्ट्यांवरचे हातोडे वर उचललेले राहिले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे आधी गॉंग, मग बाकीच्यांचा शेवटचा सूर. वीस माणसं हात वर धरून एका माणसासाठी थांबली होती. काका थांबले. अजून थांबले. काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, विसरले की काय! मागे कोणाचं तरी बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं.

मग काकांनी दांडा मारला. तो आवाज कानाला आधी कळलाच नाही, खुर्चीच्या पाठीतून आत आला. त्याच्यावर बाकीच्यांचा शेवटचा सूर अलगद येऊन बसला, आणि त्या शांततेत माझी आई, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाली, "वा!"

चिकगूंनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं, मग मान वळवून मागे काकांकडे. "कॅन," त्या म्हणाल्या, म्हणजे जमलं. एवढंच. टाळ्या सुरू झाल्या, लोक उठले, फोन वर झाले, जपानी पाहुणे वाकून वाकून काहीतरी म्हणत होते. खाण्याच्या स्टॉलकडे झुंबड उडाली. काका उठेनात. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. काकू पुढे गेल्या, वाद्यांना वळसा घालून त्यांच्यापाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, संपलं. उठा आता."

काकांनी गॉंगच्या कडेजवळ तळवा नेला, न टेकवता धरला.

"थांब गं," ते म्हणाले, "अजून वाजतोय."